ग्रंथाधारित चित्रपटांतील ख्रिस्ती आशय

ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेले पुस्तक पडद्यावर येते तेव्हा त्यातला धर्मविचार किती टिकतो, किती गळतो आणि टिकला तर कोणत्या रूपात, हा या नोंदीचा विषय. कथानक सांभाळणे फारसे अवघड नसते. पात्राच्या मनातली श्रद्धा कॅमेऱ्यापुढे आणायची कशी, इथे दिग्दर्शकाची खरी अडचण होते.

ल्यू वॉलेस यांच्या ‘बेन-हर’ (१८८०) या कादंबरीच्या नाट्यरूपांतराला लेखकाने परवानगी दिली, ती ख्रिस्ताची भूमिका कोणा नटाने करायची नाही या अटीवर. १८९९ च्या त्या प्रयोगात ख्रिस्ताच्या जागी प्रकाशाचा झोत आला. विल्यम वायलर यांच्या १९५९ च्या चित्रपटानेही चेहरा दाखवलेला नाही. नाझरेथमध्ये तहानेने कोसळलेल्या ज्यूडाला, म्हणजे कथानायक बेन-हरला, एक अनोळखी माणूस पाणी पाजतो. आपल्याला त्याची पाठच दिसते. चेहरा दिसतो तो त्याला हटकायला आलेल्या रोमन सैनिकाचा; तो समोर बघतो, वरमतो आणि मागे सरतो. पानभर उपदेशाने साधले नसते ते इथे साधले आहे. ज्यूडाची कुष्ठरोगी आई आणि बहीण कादंबरीत येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाच्या वेळी बऱ्या होतात, चित्रपटात मात्र क्रुसावरील मृत्यूच्या वेळी. हा बदल नाट्याच्या सोयीसाठी केला असला, तरी रोगमुक्तीचा संबंध थेट बलिदानाशी जोडला गेल्याने चित्रपट या ठिकाणी मूळ पुस्तकापेक्षा अधिक ख्रिस्ती झाला आहे.

उलट टोक म्हणजे मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ (१९६२) ही बालकादंबरी. अंधाराशी कोण कोण झुंजले, असे मुलांना विचारले जाते तेव्हा पुस्तकात पहिले नाव येशूचे येते. बुद्ध, गांधी, आइनस्टाइन त्यानंतर. २०१८ च्या चित्रपटातून येशूचे नाव आणि बायबलची वचने दोन्ही वगळली. प्रेम अंधारावर मात करते एवढेच उरले, आणि ते कोणत्याही बालपटात चालून जावे असे आहे. जपानी लेखक शुसाकु एंडो यांच्या ‘सायलेन्स’ (१९६६) या कादंबरीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जपानमधील छळात धर्मत्याग केलेल्या पाद्रीच्या मनात शेवटी काय होते, ते कादंबरी बाहेरून, दप्तरी नोंदींतून सुचवते. मार्टिन स्कोर्सेसी यांनी २०१६ च्या चित्रपटात त्याच्या शवाच्या हातात लहानसा क्रूस ठेवला. मूळ कादंबरीत तो नाही. एंडोंनी वाचकावर सोडलेल्या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शकाने देऊन टाकले, हा आक्षेप रास्त वाटतो.

चेहरा झाकण्याचा संकोच सांगलीच्या नाट्यपरंपरेला परका आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्यांच्या नाटकांत आरंभी गणपती आणि मोरावरची सरस्वती प्रेक्षकांसमोर नाचत येत. देव रंगभूमीवर येतो, बोलतो, आशीर्वाद देतो, यात कोणाला वावगे वाटले नाही. ‘करुणामयुडु’ (१९७८) हा येशूचरित्रावरचा तेलुगू चित्रपट याच वळणाचा. विजयचंदर यांचा येशू पौराणिक पटातल्या देवासारखा सरळ समोर येतो. हिंदीत ‘दयासागर’ म्हणून आलेला हा चित्रपट गावोगाव पडदा लावून दाखवला गेला. हॉलीवूडच्या झाकलेल्या येशूपेक्षा तो भाबडा आहे खरा, पण भजन-कीर्तनात मुरलेल्या श्रोत्याला जवळचा.

साताऱ्याकडे आणखी एक धागा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये इथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणण्याची त्यांची धडपड हेही एक रूपांतरच होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रावर विजया मेहता यांनी टेलिफिल्म केली. पडद्याला हे पुस्तक अनुकूल आहे, कारण त्यात धर्मचर्चा कमी आणि घर जास्त. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे वेगळे राहणे, मग एका छपराखाली दोन चुली, सोवळे, रुसवेफुगवे, आणि त्यातून हळूहळू बदलत गेलेले मन. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. तोवरचा प्रवास त्यांनी चुलीपाशीच सांगितला आहे, त्यामुळे रूपांतरकाराला श्रद्धेसाठी वेगळे संवाद रचावे लागत नाहीत.