डॉट इन आणि डॉट क्रिप्टो: पाटीवर सारखेच, मोबाइलवर नाही

नागपुरातल्या इतवारीतल्या मिठाईवाल्याला संत्रा बर्फी ऑनलाइन विकायची आहे. एक जण त्याला डॉट इनचं नाव, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, देतो, दरवर्षी पैसे भरायचे. दुसरा म्हणतो, डॉट क्रिप्टो घ्या, एकदाच पैसे, जन्मभर तुमचं. मिठाईवाल्याला दुसरा सौदा स्वस्त वाटला तर नवल नाही. बर्फीच्या डब्यावर छापलं की दोन्ही पत्ते सारखेच दिसतात. पण डॉट क्रिप्टो घेतलं तर गिऱ्हाइकाचा फोन येतो: "भाऊ, तुमचं पान उघडूनच नाही राहिलं."

कारण साधं आहे. मोबाइलमध्ये पत्ता टाकला की तो शोधून देणारा डीएनएस सर्व्हर शेवटी रूट सर्व्हरच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरच्या, यादीवर विसंबतो. या सर्व्हरना ए ते एम अशी 13 नावं आहेत आणि यादीत काय असावं हे आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेच्या नियमांनी ठरतं. डॉट कॉम, डॉट इन, डॉट भारत त्यात आहेत. डॉट शॉप, डॉट एक्सवायझेडसुद्धा आहेत, म्हणजे टिंबानंतरचं शेपूट विचित्र दिसलं म्हणून पत्ता खोटा ठरत नाही. डॉट क्रिप्टो त्यात नाही. त्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या वेगळ्याच वहीत असते, म्हणून "असं नावच नाही" हे उत्तर येतं. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) टाकलं किंवा डीएनएस बदलला तर उघडतं, पण पाव किलो बर्फीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? ईमेलची गत आणखी वाईट: त्या पत्त्यावर पाठवलेली ऑर्डर पोचतच नाही.

खरा घोळ एकाच शेपटाचे दोन मालक निघाले की होतो. आयकॅनने 2000 साली डॉट बिझ मंजूर केलं, तेव्हा एका पर्यायी रूटमध्ये, म्हणजे आयकॅनबाहेरच्या यादीत, डॉट बिझची नावं आधीच दिली जात होती. 2022 मध्ये डॉट क्रिप्टो विकणाऱ्या अनस्टॉपेबल डोमेन्स या कंपनीने डॉट कॉइन विकणं थांबवलं, कारण एमरकॉइन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या प्रणालीत ते शेपूट आधीपासून होतं. अशा वेळी एकच पत्ता दोन फोनवर दोन वेगळ्या दुकानांत नेऊ शकतो.

डॉट इनचंही दुखणं आहेच: नूतनीकरण चुकलं की नाव दुसरा उचलू शकतो. पण नावावरून वाद झाला तर आयएनडीआरपी या डॉट इनच्या वाद-निवारण धोरणाखाली तक्रार करता येते. ब्लॉकचेनवरचं नाव ज्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) असतं त्याचे गुप्त शब्द हरवले, तर दाद मागायला दारच नाही.

पैसे देण्यापूर्वी पत्ता विक्रेत्याच्या लॅपटॉपवर बघू नका, तिथे एक्स्टेन्शन टाकलेलं असू शकतं. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, डेटावर उघडून बघा. शिवाय ही यादी सांभाळणाऱ्या आयाना (IANA) या विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्या मान्य शेपटांची यादी फुकट आहे, त्यात शोधा. डॉट क्रिप्टो घेऊन बसला असाल तर ते क्रिप्टो चलन स्वीकारायला ठेवा, डब्यावर मात्र डॉट इनच छापा.