कंबरदुखीची गोळी फ्लूच्या खाचेत

‘ताप आलाय, एखादी पेनकिलर द्या’ असं मेडिकलवाल्याला सांगणारं कुणी दिसलं, की मला राहवत नाही. पेनकिलरनं ताप उतरतो, विषाणूला धक्काही लागत नाही, हे माझं ठरलेलं भाषण. त्याला पहिला तडा गेला तो नॅप्रोक्सेनमुळे. कंबर धरली की मी घेतो तीच गोळी.

तिचं नेहमीचं काम आपल्याच शरीरात चालतं. कॉक्स हे विकर प्रोस्टाग्लँडिन तयार करतं, त्यानं सूज येते, दुखतं. नॅप्रोक्सेन त्या विकराला अडवते. फ्रान्समधल्या अ‍ॅनी स्लामा-श्वॉक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं ते निराळंच.

फ्लूच्या ‘ए’ विषाणूची जनुकं आरएनएच्या आठ तुकड्यांत असतात. हे धागे मोकळे लोंबत नाहीत. न्यूक्लिओप्रोटीन नावाच्या प्रथिनाचे मणी शेजारी शेजारी लागतात आणि धागा त्यांना धरून बसतो. प्रत्येक मण्याला एक खाच. आरएनएवर ऋण भार, खाचेत आर्जिनिन या अमिनो आम्लाचे धन भार. म्हणून पकड घट्ट. या खाचेत काय मावेल ते संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या रसायनांच्या यादीतून संगणकावर चाळलं, आणि हाती लागली नॅप्रोक्सेन! तिच्या एका टोकाचा कार्बॉक्सिल गट ऋणभारित, तो ३५५ आणि ३६१ क्रमांकांच्या आर्जिनिनशी जुळतो. उरलेला चपटा भाग नॅफ्थलीनच्या जोडकड्यांचा, तो १४८ क्रमांकाच्या टायरोसिनच्या कडीवर पापडावर पापड ठेवावा तसा टेकतो. (नॅफ्थलीन म्हणजे डांबरगोळीतलंच. म्हणून कुणी डांबरगोळी हुंगत बसू नये. स्वाइन फ्लूच्या वेळी गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या बांधून झाल्याच आहेत.) खाच अडली की आरएनएला जागा नाही, आणि विषाणूच्या प्रती काढायचं काम रखडतं.

उंदरांमध्ये नॅप्रोक्सेननं संरक्षण दिलं. सेलेकॉक्सिब ही दुसरी पेनकिलरही कॉक्सलाच अडवते, पण तिनं ते दिलं नाही. म्हणजे करामत खाचेची! शिवाय खाच बदलून औषध चुकवायचं तर विषाणूला स्वतःचा आरएनए धरणंही अवघड जाईल.

माणसांवरची मोठी चाचणी हाँगकाँगची, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेली. फ्लूनं रुग्णालयात दाखल झालेले २१७ रुग्ण. काहींना ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे फ्लूवरची टॅमीफ्लू. बाकीच्यांना त्याच्या जोडीला पहिले दोन दिवस नॅप्रोक्सेन आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. तीस दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात ८.२ टक्के, दुसऱ्यात ०.९ टक्के. आकडे भारी, पण तीन औषधांतलं श्रेय नॅप्रोक्सेनचं किती, हे यातून काढता येत नाही.

तेव्हा मेडिकलपुढचं भाषण थोडं बदललं, सल्ला तोच राहिला. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असू शकतो. त्यात आधीच प्लेटलेट घसरतात, आणि नॅप्रोक्सेन त्यांचं कामही मंदावते, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला पॅरासिटामॉल, आणि कंबरेच्या गोळ्यांची पट्टी डब्यात.