सतरावं होल, मागचा रस्ता आणि वाढवलेले 40 यार्ड

लिंक्स कोर्सची, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या गोल्फ मैदानांची, सफर करून आलेली माणसं होलची आठवण आकड्यानं काढत नाहीत, नावानं काढतात. प्रेस्टविकचं हिमालयाज, तिथलंच आल्प्स, नॉर्थ बेरिकचं रेडान, ट्रूनचं पोस्टेज स्टँप, आयर्लंडमधल्या लाहिंचचं डेल. डेलचं ग्रीन, म्हणजे भोक आणि झेंडा असलेली गुळगुळीत हिरवळ, वाळूच्या टेकड्यांच्या कुशीत असं दडलंय की टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, झेंडा दिसतच नाही. समोरच्या टेकडीवर एक पांढरा दगड ठेवलेला असतो. झेंड्याची जागा बदलली की दगडही सरकवायचा आणि खेळणाऱ्यानं दगडावर भरवसा ठेवून फटका मारायचा. ट्रूनचं पोस्टेज स्टँप म्हणजे तिथलं आठवं होल, जेमतेम 123 यार्डांचं. 1950 मध्ये ब्रिटनमधल्या ओपन या मोठ्या गोल्फ स्पर्धेत एका जर्मन हौशी खेळाडूला तिथे 15 फटके लागले, तर 1973 मध्ये 71 वर्षांच्या एका माजी विजेत्यानं तेच एका फटक्यात पुरं केलं.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावाच्या ओल्ड कोर्सवरच्या सतराव्या होलइतकी चर्चा मात्र यांच्यातल्या एकाच्याही वाट्याला आली नाही. त्याचं नाव साधं, रोड होल. ग्रीनला खेटून रस्ता जातो म्हणून. 2010 च्या ओपनसाठी या होलची टी मागे नेली. तेव्हा उठलेला वाद समजून घ्यायचा तर हे होल मुळात घडलं कसं, ते पाहावं लागतं.

फार जुना इतिहास थोडक्यात. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली, कारण माणसं धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत होती. 1552 च्या सनदेनं सेंट अँड्र्यूजच्या रहिवाशांचा लिंक्सवर खेळण्याचा हक्क मान्य केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेच्या हातून ही जमीन गेली आणि ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे आली. सशांच्या बिळांवरून गोल्फवाल्यांची आणि त्यांची वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. 1894 मध्ये कायदा होऊन लिंक्स पुन्हा गावाच्या मालकीची झाली. लक्षात ठेवायचं ते एवढंच की हा कोर्स गावाचा आहे. रविवारी इथे एरवी खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवतावर, फिरतात.

सतराव्या होलला आजचं रूप दिलं ते आगगाडीनं. 1852 मध्ये ल्यूकर्सहून येणारी रेल्वे सेंट अँड्र्यूजला पोहोचली आणि तिचं स्टेशन लिंक्सच्या अगदी कडेला झालं. रुळांबरोबर काळ्या शेड उभ्या राहिल्या, नेमक्या टी आणि फेअरवे यांच्यामध्ये, उजव्या अंगाला. खेळाचा विचार करून त्या कुणी बांधल्या नव्हत्या. पण होल उजवीकडे वळतं, त्यामुळे शेडवरून चेंडू नेला तर वाट जवळची. चुकला तर थेट हद्दीबाहेर. भिऊन डावीकडे मारला तर दुसरा फटका लांब आणि वाईट कोनातून. 1960 च्या दशकाच्या शेवटी रेल्वे बंद झाली, जुन्या शेड गेल्या, त्या जागी 1968 मध्ये हॉटेल उभं राहिलं. आज दिसतात त्या शेड मुळांच्या प्रतिकृती आहेत. त्यांच्या भिंतीवर हॉटेलचं नाव ठळक अक्षरांत आहे आणि खेळाडू त्यातलं एक अक्षर धरून नेम घेतात. वारा कुठून आहे त्यावर आज कुठलं अक्षर ते ठरतं.

शेडवरून सुटका झाली तरी ग्रीन उरतंच. ते उंचावर, अरुंद आणि तिरकं बसलेलं आहे. पुढच्या बाजूला डावीकडून एक छोटा, खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, ग्रीनच्या पोटात घुसलाय. मागे उतार, मग रस्ता, मग दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर सवलत नाही, पडला असेल तिथूनच खेळायचं. थोडक्यात, चेंडू कमी पडला तर बंकर आणि जास्त गेला तर रस्ता. 1885 च्या ओपनमध्ये एका स्थानिक खेळाडूनं या होलवर 11 फटके घालवले आणि स्पर्धा 2 फटक्यांनी गमावली. 1901 मध्ये लंडनच्या एका गोल्फ नियतकालिकानं जाणकारांना सर्वोत्तम होल कोणती, असं विचारलं, तेव्हा तीन फटक्यांत ग्रीनवर पोहोचण्याच्या होलांमध्ये याचं नाव पुढे आलं. ती चर्चा वाचून एक अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडभर मोजमापं घेत फिरले. 1872 मध्ये ते सेंट अँड्र्यूजला शिकायला होते. पुढे लाँग आयलंडवर त्यांनी जो कोर्स बांधला, त्यात रेडान आणि आल्प्स यांच्या जोडीला रोड होलचीही आवृत्ती आहे.

आपल्या पिढीच्या मनातलं रोड होल टीव्हीवरच्या ओपननं घडवलं. 1978 मध्ये तिसऱ्या फेरीत आघाडीच्या जवळ असलेला एक जपानी खेळाडू दोन फटक्यांत ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे ढकललेला चेंडू, उतारावरून वळत वळत बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले आणि कार्डावर 9 पडले. त्या बंकरला त्याच्या नावावरून ‘नाकाजिमाची वाळू’ असं अजूनही म्हणतात. 1984 ची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पाच वेळा ओपन जिंकलेला अमेरिकन खेळाडू सहाव्या विजेतेपदासाठी बरोबरीत होता. त्यानं सतराव्यावर दोन नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीनं, मारलेला चेंडू ग्रीन ओलांडून रस्ता पार करून गेला आणि भिंतीजवळ थांबला. मागे हात न्यायलाही पुरेशी जागा नव्हती. तो कसाबसा चेंडू ग्रीनवर काढत असतानाच अठराव्यावरून आरोळी उठली. पुढच्या जोडीतल्या स्पॅनिश खेळाडूनं बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, केली होती. त्या आठवड्यात रोड होलवर पहिल्या तीनही दिवशी बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) खाल्लेल्या त्याच खेळाडूनं काही मिनिटांपूर्वी तिथे पार (नेमके ठरलेले फटके) वाचवला होता. 1995 च्या प्लेऑफमध्ये आणि 2000 च्या शेवटच्या फेरीतही याच बंकरनं एकेकाचा घास घेतला.

हे सगळं घडलं तेव्हा होल आजच्यापेक्षा आखूड होतं. 2005 च्या ओपनमध्ये त्याची लांबी 455 यार्ड होती. नवी टी झाल्यावर ती 495 झाली. आयोजकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नव्या चेंडूंमुळे आणि ड्रायव्हरमुळे, म्हणजे पहिल्या लांब फटक्याच्या काठीमुळे, दुसऱ्या फटक्याला खेळाडू कमी अंतराचं, आखूड आयर्न काढू लागले होते. एकेकाळी जिथे दोन नंबरचं आयर्न लागायचं, तिथे नऊ नंबरचं पुरत होतं. अशा उंच फटक्यानं चेंडू बंकर आणि रस्ता यांच्यामध्ये अलगद उतरवता येतो, आणि या होलची भीती तर त्या अरुंद जागेतच आहे. टी मागे नेली की मूळ प्रश्न परत येईल, असा युक्तिवाद होता.

अडचण अशी होती की मागे जायला कोर्समध्ये जागाच शिल्लक नव्हती. नवी टी हद्दीबाहेर, सरावाच्या मैदानाकडच्या जमिनीवर बांधावी लागली. ज्या होलवर हद्दीबाहेर जाण्याची धास्ती हाच पहिल्या फटक्याचा गाभा, त्याची सुरुवातच हद्दीबाहेरून होऊ लागली. मला खुपतं ते हेच. शेड रेल्वेनं दिल्या, रस्ता गावानं दिला, उतार वाळूनं आणि वाऱ्यानं दिले. हे 40 यार्ड मात्र चेंडू बनवणाऱ्यांनी कोर्सवर लादले. चेंडूला आवर घालणं ज्यांच्या हातात होतं, त्यांनी तो घातला नाही आणि त्याची भरपाई सगळ्यांत जुन्या कोर्सकडून वसूल केली.

2010 मध्ये हे होल त्या आठवड्यातलं सगळ्यांत अवघड ठरलं, म्हणून निर्णय बरोबर होता असं सांगितलं गेलं. तरी त्या वर्षी लोकांच्या लक्षात राहिला तो फटका भिंतीचा. तिसऱ्या फेरीत एका स्पॅनिश खेळाडूचा चेंडू भिंतीला जवळजवळ टेकला होता. त्यानं ग्रीनकडे पाठ करून चेंडू मुद्दाम भिंतीवर आदळला आणि तो उसळून त्याच्या डोक्यावरून ग्रीनवर आला.

नोव्हेंबर 2012 मध्ये आणखी बदल जाहीर झाले आणि काम लगेच सुरूही झालं. दुसऱ्या होलचे बंकर हलवले, अकराव्याच्या ग्रीनचा एक भाग सपाट केला, रोड होलचा बंकर अर्ध्या मीटरनं रुंद केला. कोर्स आरेखन करणाऱ्या अनेकांनी जाहीर विरोध केला, ऑनलाइन सह्या गोळा झाल्या. विरोध अर्ध्या मीटरपुरता नव्हता. गावाच्या मालकीच्या, शतकानुशतकं हळूहळू घडत आलेल्या जमिनीत बदल करताना आधी कुणाला विचारलंच नाही, याचा राग होता. अखेर डिसेंबर 2023 मध्ये नियामक संस्थांनी चेंडूच्या अंतरावर नव्यानं मर्यादा आणायचं जाहीर केलं. टी मागे जाऊन तोवर 13 वर्षं झाली होती.

मधल्या काळात, 2022 मध्ये, ओपन पुन्हा इथे आली. शेवटच्या दिवशी आघाडीवर असलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूचा दुसरा फटका सतराव्यावर कमी पडला. त्याचा चेंडू आणि झेंडा यांच्यामध्ये, सरळ रेषेत बंकर होता. त्यानं वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, काढला नाही. पटरनं, म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायच्या काठीनं, चेंडू बंकरच्या कडेनं चढावर लोटला, तो वळसा घेत ग्रीनवर सुमारे 10 फुटांवर थांबला, आणि पुढचा पटही पडला. पार वाचला आणि त्यानं ओपन एका फटक्यानं जिंकली.