युद्धबंदी मोडली तर हुकूम कोणाचा?

१० मे २०२५ च्या संध्याकाळी भारत-पाकिस्तान लढाई थांबल्याची बातमी आली आणि रात्री अकराच्या सुमारास परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री पुन्हा टीव्हीवर. समझोता मोडला गेलाय, लष्कराला कडक उत्तर द्यायला सांगितलंय. नाचणगावच्या पारावर उकाड्याने कोणी झोपलं नव्हतंच. पुलगावचा दारूगोळा डेपो शेजारी, त्यामुळे लढाईची बातमी इथे जरा जवळची वाटते. डेपोतून रिटायर झालेले एक आजोबा म्हणाले, "पासष्ट सालीबी असंच झालं होतं ना बाप्पा! मंग आता हुकूम कोन देते?"

आजोबांचं खरं आहे. २३ सप्टेंबर १९६५ ला पहाटे साडेतीनला युद्धबंदी झाली, पण बंदुका थांबल्या नाहीत. चारच दिवसांत, २७ सप्टेंबरला, सुरक्षा परिषदेला पुन्हा ठराव करून दोन्ही देशांना शब्द पाळायला सांगावं लागलं. शास्त्रीजी पंतप्रधान, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री. अडचण अशी, की गप्प बसावं तर समोरचा पुढे सरकणार आणि जोरात उत्तर द्यावं तर युद्धबंदी आपणच मोडली असं होणार. शेवटी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ठरलं, की दोन्ही फौजांनी ५ ऑगस्ट १९६५ च्या आधी होत्या त्या जागी परतायचं. काश्मीरमधली जिंकलेली हाजीपीर खिंड सोडावी लागली, ती सल अजून आहे.

त्याआधीची रीत कराचीच्या १९४९ च्या कराराची होती. काश्मीरमधल्या युद्धबंदी रेषेपासून पाचशे यार्डांच्या आत फौज नको. कोणी मोडलं तर तक्रार करायची, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक येऊन बघणार. थोडक्यात, तलाठ्याने पंचनामा करावा तसं. १९७२ च्या सिमला करारानंतर भारताने ते दप्तरच बंद केलं: आपसांत मिटवू, तिसरा नको. मग उरली दोन्हीकडच्या डीजीएमओंची, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांची, हॉटलाइन. २००३ ची शस्त्रसंधी पुढे नावापुरती राहिली. भारताच्या मोजणीनुसार एकट्या २०२० मध्ये पाकिस्तानने ती ५,१३३ वेळा मोडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती नव्याने पाळायचं ठरलं.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर ११ मे ला आलं. लष्करप्रमुखांनी पश्चिम सीमेवरच्या कमांडरांना प्रत्युत्तराचे पूर्ण अधिकार दिले. दिल्लीला विचारत बसायचं नाही. १२ ला डीजीएमओ पुन्हा बोलले.