विक्री झाल्यानंतरचा वाचक

ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइटवर आज मजकुराची कमतरता नाही. लेख आहेत, व्हिडिओ आहेत, 'खरेदीपूर्वी हे वाचा' छापाची लांबलचक मार्गदर्शने आहेत. पण हा मजकूर कुणासाठी लिहिला आहे हे नीट पाहिले, तर बहुतेक ठिकाणी तो अजून दुकानात न आलेल्या माणसासाठी असतो. ज्याने पैसे मोजून वस्तू नेली, त्याच्या वाट्याला 'ऑर्डर पोहोचली' हा मेसेज येतो आणि मग सवलतींच्या ईमेलचा भडिमार सुरू होतो. हे असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते, कारण गिऱ्हाईक टिकवण्यासाठी मजकूर वापरण्याची रीत वेबपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे.

शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले. नांगर रोज कुणी विकत घेत नाही. एका खरेदीपासून दुसऱ्या खरेदीपर्यंत मोठा काळ जातो आणि त्या काळात शेतकऱ्याशी बोलत राहायचे, तर त्याच्या शेताविषयी, पिकाविषयी, जमिनीविषयी बोलायला हवे, एवढे या कंपनीने ओळखले होते.

याहून बोलके उदाहरण मिशेलिनचे. टायर बनवणाऱ्या आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांनी १९०० साली मोटारचालकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली आणि ती फुकट वाटली. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३५,००० प्रती छापल्या होत्या, आणि तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी होत्या जेमतेम काही हजार! आत काय होते? टायर कसा बदलायचा, पंक्चर कसे काढायचे, कोणत्या गावात मेकॅनिक भेटेल, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करता येईल. यामागचा हिशोब सरळ होता. माणूस जितका बिनधास्त लांब जाईल तितके टायर झिजतील, आणि झिजले की पुन्हा टायर लागतील. मार्गदर्शिकेत 'आमचाच टायर घ्या' असे ओरडून सांगायची गरजच नव्हती. १९२० पासून तिला किंमत लावली गेली आणि १९२६ मध्ये उत्तम उपाहारगृहांना तारे देण्याची सुरुवात झाली. आज लोकांना ते तारेच आठवतात. मला मात्र पंक्चर काढण्याची ती पाने जास्त मोलाची वाटतात. वस्तू घेतल्यानंतर माणूस कुठे अडतो, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

१९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओने दुसरी वाट दाखवली. साबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने दुपारच्या कौटुंबिक मालिका प्रायोजित केल्या, आणि अशा मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव तिथूनच चिकटले. श्रोता रोज परत येई, पण तो कथेसाठी. कपडे धुण्याच्या त्याच्या अडचणीशी त्या कथेचा संबंध नव्हता. सवय लावणे आणि उपयोगी पडणे या दोन वाटा इथे वेगळ्या झाल्या, आणि पुढे वेबवरही त्या वेगळ्याच राहिल्या.

वेबच्या इतिहासात १९९४ हे साल या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या वेबला स्मरणशक्ती नव्हती. तुम्ही एक पान उघडले, मग दुसरे उघडले, तरी सर्व्हरच्या, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाच्या, लेखी ते दोन अनोळखी लोक. अशा जागी दुकान चालवणे अवघडच, कारण पिशवीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर जाईपर्यंत विसरली जाणार. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली या तरुण प्रोग्रामरने त्या वर्षी यावर उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरला मजकुराचा एक लहानसा तुकडा द्यायचा, ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि पुढच्या भेटीत परत दाखवायचा. हीच कुकी. आलेला माणूस पूर्वी येऊन गेला आहे, हे दुकानाला पहिल्यांदाच कळू लागले.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला हॉटवायर्ड या वेबसाइटवर बॅनर जाहिराती, म्हणजे पानावरच्या क्लिक करता येणाऱ्या पट्ट्या, झळकल्या. त्यातली एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची जाहिरात पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केले, असे सांगितले जाते. म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाला ओळखण्याचे साधन आणि नव्याला ओढून आणण्याचे साधन काही महिन्यांच्या अंतराने जन्माला आले. पैसा धावला तो दुसऱ्याकडे. पुढे तर कुकीलाही त्याच कामाला जुंपले गेले आणि ती जाहिरातींसाठी माणसाचा माग काढत हिंडू लागली.

दुकानाच्या आतला मजकूर गिऱ्हाइकाला परत आणू शकतो, हे ठळकपणे दिसले ते ॲमेझॉनवर. जुलै १९९५ मध्ये हे पुस्तकांचे दुकान उघडले आणि लवकरच तिथे वाचकांना स्वतःचे परीक्षण लिहिता येऊ लागले, अगदी वाईटसुद्धा. विकायला ठेवलेल्या पुस्तकाखाली 'घेऊ नका' असे कुणी लिहायचे आणि दुकानदाराने ते तसेच राहू द्यायचे, हे प्रकाशन व्यवसायातल्या अनेकांच्या पचनी पडले नाही. संस्थापक जेफ बेझोस यांची भूमिका अशी होती की, आपले काम गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला मदत करण्याचे आहे. या एका निर्णयाचे मोल खूप मोठे होते. पुस्तक दुसरीकडून घ्यायचे असले तरी लोक आधी तिथे येऊन परीक्षणे वाचू लागले. शिवाय स्वतः लिहिलेल्या परीक्षणाला कुणी काय म्हटले, हे बघायलाही माणूस परत येतो!

सुरुवातीला ॲमेझॉनने पुस्तकांवर लिहायला पगारी संपादकही ठेवले होते. दशक संपता संपता त्यांची जागा आपोआप तयार होणाऱ्या शिफारशी घेऊ लागल्या: हे घेणाऱ्यांनी तेही घेतले. ही पद्धत कशी चालते, हे कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये एका शोधनिबंधात उलगडून सांगितले. प्रत्येक गिऱ्हाइकाची दुसऱ्या गिऱ्हाइकाशी तुलना करत बसण्याऐवजी वस्तूंची वस्तूंशी सांगड आधीच घालून ठेवायची, म्हणजे शिफारस क्षणात दाखवता येते. विक्रीच्या दृष्टीने हे बिनतोड होते. पण पुस्तक वाचून त्यावर लिहिणारा माणूस दुकानातून गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते. त्याचे लिखाण वाचायला येणारे लोक होते. शिफारशींची रांग वाचायला कुणी येत नाही.

गिऱ्हाईक टिकवण्याचे अर्थकारण तोवर माहीत नव्हते असे नाही. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर या व्यवस्थापन अभ्यासकांनी १९९० मध्येच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मांडले होते की, सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचे प्रमाण ५ टक्क्यांनी कमी केले, तर धंद्याच्या प्रकारानुसार नफा २५ ते ८५ टक्क्यांनी वाढू शकतो. हे आकडे विमा, क्रेडिट कार्ड अशा वेबपूर्व काळातल्या सेवांचे आहेत. आजकाल ते कुठल्याही ऑनलाइन दुकानाला सरसकट लावले जातात, ते बरोबर नाही. पण त्यातला गाभा वेबवरही खरा ठरला, आणि तो पटायला २००० सालची इंटरनेट कंपन्यांची पडझड व्हावी लागली. पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने त्या जानेवारीत अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात महागडी जाहिरात केली आणि नोव्हेंबरमध्ये दुकानच बंद केले. त्याच वर्षी राइकहेल्ड यांनी फिल शेफ्टर यांच्यासोबत ऑनलाइन निष्ठेवर लेख लिहिला. वेबवरचा गिऱ्हाईक स्वस्ताईपेक्षा विश्वासावर टिकतो, हा त्यांचा निष्कर्ष होता.

गंमत म्हणजे नेट-ए-पोर्टर हे फॅशनचे ऑनलाइन दुकानही २०००चेच. पत्रकार असलेल्या नॅटली मॅसनेट यांनी ते एखाद्या मासिकासारखे मांडले. वाचायला यावे आणि वाचता वाचता घ्यावे, अशी ती रचना होती. आजूबाजूला एकामागून एक दुकाने बुडत असताना ते टिकले.

नंतरच्या दोन दशकांत बहुतेक वेबसाइटवरचा मजकूर सर्च इंजिनसाठी लिहिला जाऊ लागला. लोक काय शोधतात ते बघायचे आणि त्या शब्दांवर पाने पाडायची. अशा पानांचे कारखानेच निघाले. त्यांना लगाम घालायला गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल केला आणि अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले. पण पाने पाडण्याची सवय गेली नाही. सोशल मीडियावर वेगळे काही घडले नाही. पेजवर जमवलेले चाहते आपले आहेत असे दुकानांनी धरले, आणि मग पोस्ट पोहोचवायला पैसे मोजावे लागू लागले. वाचकाला आपल्या मर्जीने नवे लिखाण मिळवून देणारी आरएसएस फीडची सोय १९९९ पासून होती. ती वापरणाऱ्या पुष्कळ लोकांचा आधार असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. उरला तो ईमेल.

विक्रीनंतरचा मजकूर म्हणजे नेमके काय, हे शिलाई मशीनच्या उदाहरणाने पाहू. मशीन माणूस पुष्कळ वर्षांतून एकदा घेतो, म्हणून दुकानाला वाटते, याचे आपल्याकडे आता काम नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्याचा दोरा खालून गुंतू लागतो. तो दोष खालच्या बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, समजतो, आणि बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा प्रेसर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवला की काम होते. मग तो जीन्स शिवायला घेतो आणि सुई मोडते, कारण जाड कापडाला १०० नंबरची सुई लागते आणि झिरझिरीत कापडाला ७० ची. ज्या वेबसाइटवर त्याच मॉडेलच्या फोटोसह हे सापडते, तिथे तो पुन्हा येतो. सुया, दोरे, बॉबिन, फूट तिथूनच घेतो. मिशेलिनने टायरबाबत हेच केले होते. फरक एवढाच की, छापील मार्गदर्शिका काढणाऱ्याला वाचक कोणत्या पानावर अडला ते कळत नव्हते. आज दुकानाच्या स्वतःच्या सर्चबॉक्समध्ये गिऱ्हाईक काय टाइप करतो, कोणत्या तक्रारीसाठी फोन करतो, हे सगळे नोंदलेले असते. लिहायला विषय शोधावे लागत नाहीत. तरीही ती नोंद मजकूर लिहिणाऱ्याच्या हाती क्वचितच दिली जाते, कारण त्याचे काम नव्या लोकांची संख्या वाढवण्याचे मानले जाते.

अलीकडे ही संख्याच डळमळू लागली आहे. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१७ पासून माग काढणाऱ्या कुकींवर बंधने आणली. युरोपात २०१८ मध्ये जीडीपीआर हा लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. २०२१ मध्ये ॲपलच्या मेल ॲपने ईमेल उघडल्याची खूण झाकायला सुरुवात केली, त्यामुळे 'किती जणांनी वाचले' हा आकडाही भरवशाचा राहिला नाही. मे २०२४ पासून अमेरिकेत गूगल अनेक प्रश्नांचे एआयने लिहिलेले उत्तर निकालांच्या वरच दाखवू लागले. जाड कापडाला कोणती सुई लागते, हे आता दुकानात न येताही समजते. दुकानाकडे उरते ते त्या एका गिऱ्हाइकापुरते ज्ञान: त्याने कोणते मॉडेल कधी घेतले, सोबत कोणत्या सुया दिल्या होत्या, वॉरंटी कधी संपते आणि त्या मॉडेलचा कोणता भाग आता मिळेनासा झाला आहे. ते त्याच्या खात्याच्या पानावर, त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेले बहुतेक दुकानांत अजून नाही.