फ्रेंच कॉफी, चहा आणि गरम चॉकलेट: पाकीट फोडण्याआधी एवढं वाचा

गेल्या पावसाळ्यात एक काका दुकानात आले, काउंटरवर चहाचा डबा ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा पॅरिसचा चहा. एवढे पैसे मोजून काढा प्यायलो." चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. काकूंनी नेहमीसारखं आधण ठेवलं, साखर घातली, दोन चमचे पत्ती टाकून खळखळून उकळली आणि वरून म्हशीचं दूध. त्यांचं काहीच चुकलं नाही. माल विकताना आम्हीच दोन शब्द सांगायला हवे होते. ते शब्द या पत्रकात आहेत. दोनाचे जरा जास्त झालेत, तेवढं चालवून घ्या.

कॉफी

फ्रान्समधल्या कॅफेत नुसतं 'अँ काफे' म्हटलं की इवल्याशा कपात बिनदुधाची एस्प्रेसो समोर येते. दुधाची 'काफे ओ ले' ही घरची, न्याहारीची कॉफी. ती कान नसलेल्या मोठ्या वाडग्यात घेतात, वाडगा दोन्ही हातांत धरतात आणि लोणी-जॅम लावलेला पाव तिच्यात बुडवून खातात. आपण चहात खारी बुडवतो तसंच, त्यामुळे परदेशी पाहुण्यांसमोर खारी बुडवायला लाजू नका.

पॅरिसला जाऊन आलेले ग्राहक 'नुआझेत' मागतात आणि हेझलनटचा वास येत नाही म्हणून हिरमुसतात. नुआझेत म्हणजे हेझलनट हे खरं, पण या कॉफीत ते नसतं. एस्प्रेसोत दुधाचा एखादा थेंब पडला की तिला हेझलनटसारखा तपकिरी रंग येतो, त्यावरून हे नाव.

पॅरिसला कॉफीची चटक लागली ती १६६९ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भेटीला आलेल्या तुर्की राजदूतामुळे, असं सांगतात. सुलेमान आगा त्याचं नाव. त्याच्या घरी येणाऱ्या सरदार-बायकांना तो कॉफी पाजायचा. पुढे १६८६ साली सिसिलीहून आलेल्या प्रोकोपिओनं 'प्रोकोप' हे कॅफे काढलं. त्या नावाचं रेस्टॉरंट पॅरिसमध्ये आजही आहे. फ्रेंचांनी येमेनची कॉफीची रोपं हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियाँवर नेऊन लावली. आमच्या काही पाकिटांवर 'बूर्बाँ' असं लिहिलेलं असतं, ते या वाणाचं नाव आहे. 'बर्बन' नावाच्या दारूशी त्याचा संबंध नाही. हा प्रश्न आम्हाला दर महिन्याला एकदा तरी येतो.

'फ्रेंच रोस्ट' म्हणजे बी जवळजवळ काळी होऊन तिच्यावर तेलाची चकाकी येईपर्यंत भाजलेली कॉफी. गडद भाजली म्हणजे कॅफीन जास्त, असा समज आहे. तो चुकीचा आहे. कॅफीन ठरतं ते मुख्यतः कॉफीच्या जातीवर, म्हणजे ती रोबस्टा की अरेबिका यावर. रोबस्टात ते अरेबिकाच्या साधारण दुप्पट असतं. फ्रेंच मिश्रणांत रोबस्टा पूर्वीपासून भरपूर, कारण त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत तीच पिकायची. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर फार गडद भाजलेल्या कॉफीत बियाण्याची स्वतःची चव उरत नाही, फक्त भाजल्याची उरते. दूध घालणार असाल तर गडद घ्या, काळी पिणार असाल तर मध्यम.

घरी यंत्र नसेल तर पिस्टनचं भांडं घ्या, ज्याला आपण फ्रेंच प्रेस म्हणतो. अशा भांड्याचं पेटंट फ्रान्समध्ये १८५२ साली घेतलं गेलं, पण आज प्रचलित आहे तो घाट इटालियन लोकांनी बसवला. कॉफी जाड रव्याइतकी भरड दळलेली हवी. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओतायचं, चार मिनिटांनी दांडा हळूच खाली दाबायचा आणि लगेच कपात काढून घ्यायची. भांड्यात राहू दिली तर ती कडू होत जाते. घरच्या सवयीनं जायफळ किसून घालणार असाल तर आमची हरकत नाही. फ्रान्समध्ये घालत नाहीत, एवढंच.

चिकोरी

चिकोरी म्हटलं की ग्राहक नाक मुरडतात, भेसळ म्हणतात. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी असा नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापावंच लागतं, तेव्हा ती लपवाछपवी नव्हे. फ्रान्समध्ये चिकोरीला स्वतःचा इतिहास आहे. १८०६ मध्ये नेपोलियननं इंग्लंडशी व्यापार तोडला. समुद्रावर आरमार इंग्रजांचं, त्यामुळे वसाहतींतली कॉफी येईना आणि लोक चिकोरीचं मूळ भाजून, दळून पिऊ लागले. युद्ध संपलं, सवय राहिली. उत्तर फ्रान्समधल्या ऑर्शी गावात १८५८ पासून लरू नावाची कंपनी हेच करते आहे. नुसत्या चिकोरीत कॅफीन अजिबात नसतं. रात्री कॉफी प्यावीशी वाटते पण झोप उडते, अशी तक्रार असणाऱ्यांना आम्ही हीच देतो, गरम दुधात.

चहा

आता काकांच्या चहाकडे येऊ.

फ्रेंच दुकानांतला चहा हा बहुधा पानांचा असतो. आपल्याकडच्या सीटीसीसारखा दाणेदार नसतो. दाणेदार चहा उकळण्यासाठीच बनवलेला असतो. तो दूध, साखर, आलं सगळं पेलतो. अख्ख्या पानाचा चहा उकळला की त्यातला तुरटपणा सगळा बाहेर पडतो, आणि वर बर्गमॉट संत्र्याचा, फुलांचा किंवा फळांचा जो वास दिलेला असतो तो वाफेबरोबर निघून जातो. म्हणजे पैसे दिले वासाचे आणि हाती आला काढा.

म्हणून गॅस बंद करा, मग पत्ती घाला. एका कपाला सपाट चमचाभर. काळ्या चहाला उकळी बसलेलं पाणी, तीन ते पाच मिनिटं. हिरव्या चहाला ७५-८० अंशांचं, म्हणजे उकळून पाच-सात मिनिटं निवलेलं पाणी, आणि तीनच मिनिटं. वेळ झाली की पत्ती काढून घ्या. कपात तशीच पडू देऊ नका.

दूध घालायचंच नाही का? फ्रान्समध्ये चहात दूध घालायची गोष्ट जुनी आहे. पत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या मादाम द सेव्हिन्ये यांनी १६८० सालच्या एका पत्रात लिहून ठेवलंय की त्यांची मैत्रीण मादाम द ला साब्लिएर चहा दुधाबरोबर घेते, तिला तसा आवडतो म्हणून. हे कारण आम्हाला पुरेसं वाटतं. मात्र बर्गमॉटच्या किंवा फळांच्या चहात दूध घालू नका. साध्या काळ्या चहात चमचाभर चालेल.

तिकडची चहाची घराणी जुनी आहेत. मारियाज फ्रेर १८५४ पासून पॅरिसमध्ये आहे. कुस्मी १८६७ साली सेंट पीटर्सबर्गला निघालं आणि १९१७ मध्ये, रशियात क्रांती झाली त्या वर्षी, पॅरिसला आलं. दार्जिलिंगला तिथे मोठा मान आहे. आपल्याच बागांतला चहा फ्रेंच डब्यात घालून आम्ही तुम्हाला विकावा हे आम्हाला बरं वाटलं नाही, म्हणून तो आम्ही ठेवत नाही. दार्जिलिंग हवा असेल तर थेट तिथल्याच मळ्याचा घ्या, ताजाही मिळेल.

रात्रीच्या जेवणानंतर फ्रेंच घरांत 'तिझान' घेतात. यात चहाचं पानच नसतं, कॅफीनही नाही. व्हर्वेनची पानं लिंबाच्या वासाची असतात. गवती चहा आवडणाऱ्यांना ती लगेच पटते, कारण दोन्हींतलं वासाचं द्रव्य एकच आहे. तियेल म्हणजे लिंडनच्या झाडाची फुलं, वास मधासारखा. तिझानला मात्र खळखळत्या पाण्यात झाकण ठेवून पाच-सात मिनिटं राहू द्या. औषध म्हणून आम्ही काहीही विकत नाही, कृपया तसं विचारू नये.

गरम चॉकलेट

हा आमचा लाडका विषय, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

डब्यातली भुकटी दुधात ढवळून होतं ते कोकोचं दूध. पॅरिसमध्ये 'शोकोला शो' मागवल्यावर जे येतं ते चमच्याला चिकटणारं, जवळजवळ बासुंदीइतकं दाट असतं. रिव्होली रस्त्यावर १९०३ साली निघालेलं आँजेलिना हे टी-रूम त्यासाठीच प्रसिद्ध आहे. फरक कशानं पडतो? कोको पावडर ही दाबून लोणी काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्याची भुकटी. ताकातून लोणी काढावं तसं तिच्यातून कोको बटर गेलेलं असतं. चॉकलेटच्या वडीत ते लोणी शाबूत असतं आणि दाटपणा तोच देतो.

चॉकलेट फ्रान्समध्ये रुजलं ते स्पेनच्या सीमेजवळच्या बायॉन गावातून. स्पेन-पोर्तुगालमधून छळाला कंटाळून निघालेल्या ज्यू कुटुंबांनी ही कला सोबत आणली. बायॉनमध्ये अजूनही कपावर फेसाचा डोंगर असलेलं चॉकलेट मिळतं. पूर्वी तो फेस लाकडी दांड्यानं काढत. दांडा दोन तळहातांत धरून गरागरा फिरवायचा. चित्र पाहिलंत तर म्हणाल, ही तर आपली रवी.

पंधराव्या लुईला स्वतः चॉकलेट करायची हौस होती. त्याच्या नावानं चालत आलेली कृती अशी: जितके कप पाणी तितक्या चॉकलेटच्या वड्या, मंद आच, चार कपांना एका अंड्याचा पिवळा बलक, आणि शक्यतो आदल्या दिवशी करून ठेवायचं. रोज पिणाऱ्यांनी थोडं मागे ठेवून दुसऱ्या दिवशीच्या चॉकलेटात घालावं, असंही त्यात म्हटलंय. थेट विरजणच! आमच्या एकाही चॉकलेटात अंडं नाही, पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या.

आमची कृती चार छोट्या कपांची. अर्धा लिटर गायीचं दूध (म्हशीच्या दुधानं ते फार जड होतं), ७० टक्के कोको असलेलं चॉकलेट १०० ग्रॅम बारीक चिरून, साखर चमचाभर किंवा नाहीच, मिठाची चिमूट. दूध गरम करा, कडेला बुडबुडे आले की आच मंद करून चॉकलेट थोडं थोडं घाला आणि रवीनं घुसळा. दाट होईपर्यंत पाचेक मिनिटं लागतात. इथेही उकळी आणायची नाही, नाहीतर तूप वेगळं होऊन वर तवंग येतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी परत मंद आचेवर गरम केलंत तर आणखी छान लागतं. लुईचं म्हणणं आम्ही पडताळून पाहिलं आहे.

भुकटीच हवी असेल तर लेबल वाचा. युरोपच्या नियमाप्रमाणे 'शोकोला आँ पूद्र' म्हणवणाऱ्या भुकटीत निदान ३२ टक्के कोको पावडर असावी लागते. नुसत्या 'गोड कोको'ला २५ टक्के पुरतात. उरलेली बहुतेक साखर असते. घटकांच्या यादीत पहिलं नाव साखरेचं दिसलं तर दुपटीनं पैसे मोजण्याआधी विचार करा, मग ते पाकीट आमच्या फळीवरचं का असेना.

पाकिटावरचं फ्रेंच

'मूलू' म्हणजे दळलेली, 'आँ ग्रें' म्हणजे अख्ख्या बिया, 'देकाफेइने' म्हणजे कॅफीन काढलेली, 'सां सुक्र' म्हणजे बिनसाखरेची. तारखेआधी 'द प्रेफेराँस' हा शब्द असेल तर त्या तारखेनंतर पदार्थ खराब होतो असं नाही, फक्त वास-चव उतरते.

कॅफीनचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी: एका एस्प्रेसोत साधारण ८० मिलिग्रॅम, कपभर काळ्या चहात ५०. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मते निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, गरोदर स्त्रियांनी २०० च्या आत.

साठवण आणि बदली

उघडलेली कॉफी हवाबंद डब्यात, गॅसपासून लांब ठेवा आणि महिन्याभरात संपवा. फ्रिजमध्ये नको, तिला लसूण-चटणीचा वास लागतो. चहा मसाल्याच्या डब्याशेजारी नको. पावसाळ्यात सगळंच छोट्या पाकिटांत घ्या. आमचा खप कमी होईल, पण तुमचा माल सादळणार नाही.

कोणतंही पाकीट घेण्याआधी दुकानात चव पाहता येते, शनिवारी सकाळी भांडी मांडलेली असतात. आवडलं नाही तर न फोडलेलं पाकीट पंधरा दिवसांत बदलून देऊ. फोडलेलं असेल तरी घेऊन या, कसं केलं ते सांगा, आम्ही तिथेच करून दाखवू. काकांचा चहा असाच त्यांच्यासमोर पुन्हा केला. ते डबा परत घेऊन गेले. काकूंना मात्र अजूनही आपलाच उकळलेला लागतो.