राजीनामा ते नॉन-स्टार्टर रिपोर्ट

आज राजीनामा म्हटलं की कुणीतरी खुर्ची सोडली, एवढंच डोक्यात येतं. मराठेशाहीत हा कागद तंट्याच्या पहिल्याच पायरीवर लिहिला जाई. पंच जो निवाडा देतील तो आम्हांस राजी, असं वादी-प्रतिवादी दोघांनीही आधी लिहून द्यायचं, वर जामीन द्यायचा. मग तकरिरी, म्हणजे दोघांची लेखी निवेदनं, साक्षी, जुने कागद. गोतसभेत पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत मंडळी बसत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे निर्णयाचा कागद, होई. हरलेला येजितखत लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा होता ही कबुली. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याची फी, भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. पुराव्याने प्रश्न सुटेना तर दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा. तेव्हा 'पाचामुखी परमेश्वर' म्हणून फार हळवं व्हायला नको. ज्या गोतात जन्म काढायचा, त्याच्यापुढे 'मी राजी नाही' म्हणण्याची सोय कितीजणांना होती?

पेशवाई गेल्यावर 1819च्या अहवालात इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने पंचायतींचे दोष नोंदवले, तरी त्या मोडू नयेत असंच त्याचं मत होतं. पण 1827च्या रेग्युलेशननंतर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या कायदेसंहितेनंतर, जोर कोर्टांचाच राहिला. कोर्ट सावकाराला सोयीचं पडलं. कर्जाचं खत दाखवायचं, कुणबी तारखेला येत नाही, एकतर्फी हुकूमनामा, मग जप्ती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगल उसळली. त्या दंग्यांत लोकांचा रोख होता तो सावकाराच्या घरातल्या खतांवर; ती हिसकावून जाळण्यात आली.

त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट, म्हणजे पंचांकरवी वाद मिटवणारं कोर्ट, चालवून पाहिलं. तिथे यायचं ते आपखुशीने. सरकारने उलटी वाट धरली. 1879चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी झाला आणि त्यात गावोगावच्या वजनदार माणसांना कन्सिलिएटर, म्हणजे समेट घडवणारे, नेमलं. शेतकऱ्याशी वाद असेल तर आधी त्यांच्याकडे जायचं. समेट झाला नाही असा दाखला आणल्याशिवाय दावा दाखल होणार नाही. झालं काय, तर कोर्टाआधी आणखी एक उंबरठा वाढला. ही तरतूद पुढे गुंडाळावी लागली.

त्यानंतरचे टप्पे बहुतेकांना ठाऊक आहेत. लवादाचा 1940चा कायदा, त्याच्या जागी 1996चा. 1987च्या कायद्याने लोकअदालतींना मिळालेला आधार. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2007पासूनची तंटामुक्त गाव मोहीम.

सक्तीचा प्रश्न मात्र परत आला. 2021च्या मध्यस्थी विधेयकात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची होती. संसदीय समितीने त्यावर फेरविचार सुचवला आणि 2023च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. व्यापारी दाव्यांत ती सक्ती 2018पासून आहेच. रक्कम तीन लाखांच्या वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज. 2022मध्ये सुप्रीम कोर्टानेही ही अट पाळावीच लागेल असं ठरवलं. प्राधिकरण समोरच्याला नोटीस काढतं. तो फिरकलाच नाही तर पुन्हा एक नोटीस, आणि त्यालाही दाद दिली नाही तर मध्यस्थी सुरूच झाली नाही असा छापील नमुन्यातला 'नॉन-स्टार्टर रिपोर्ट' हातात पडतो. तो दाव्याला जोडायचा आणि कोर्टाच्या खिडकीशी जायचं, 1879चा दाखला घेऊन गेल्यासारखं.